भरल्या पोळीची टपरी

आम्ही मुकुंदवाडीच्या. रेल्वे स्टेशनकडून जालना रोडकडे येताना एका गल्लीच्या तोंडाशी आमची टपरी आहे. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. दोन बाकडी बाहेर, एक आत. आत उभं राहायला तिघींना जागा होते, चौथीला बाहेर उभं राहून कांदा चिरावा लागतो. आम्ही सुरुवातीला पाचजणी होतो, आता चौघी आहोत. त्याचं पुढं सांगू.

रेडिओवरच्या ताईंनी आम्हाला सांगितलं, तुमच्या टपरीवर जी इटलीची भरली पोळी मिळते तिच्याबद्दल बोला. तेव्हा आम्ही म्हटलं, नुसती कृती सांगायची असेल तर ती पाच मिनिटांत संपेल. पण हिशेबाचंही सांगायचं असेल, चुकलो कुठं तेही सांगायचं असेल, तर बोलतो. त्या हो म्हणाल्या. म्हणून आलो.

आधी आम्ही पोळी-भाजीचं ताट द्यायचो. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जाणारी पोरं, स्टेशनवर उतरणारे, बांधकामावरचे लोक, असे गिऱ्हाईक. दोन पोळ्या, एक सुकी भाजी, वरण, भात. ताट चांगलं जायचं. पण ताट म्हटलं की ताट धुणं आलं. एक ताट, दोन वाट्या, एक पेला, एक चमचा. साठ ताटं गेली की किती भांडी होतात ते तुम्हाला सांगायला नको. आणि आमच्याकडे पाण्याचं काय आहे, तेही मराठवाड्यातल्या बायांना सांगायला नको. जायकवाडीचं धरण पैठणला, आमच्या शहराचं पाणी तिथून येतं, आणि आमच्या नळाला ते येतं तेव्हा घरात लग्न असल्यासारखी धावपळ होते. २०१९ साली आमच्या मुकुंदवाडीतली लहान लेकरं रेल्वेत बसून पाणी आणायला औरंगाबाद स्टेशनला जायची. हंडे-कळशा घेऊन गाडीत चढायची, तिथल्या नळावर भरायची आणि परतीच्या गाडीनं यायची. त्याची बातमी परदेशातल्या पेपरांतसुद्धा छापून आली. आम्ही ती लेकरं रोज बघत होतो, आम्हाला बातमी वाचायची गरज नव्हती.

तर अशा ठिकाणी आम्ही खानावळ चालवत होतो. भांडी घासायलाच रोज दोन ड्रम पाणी लागायचं. टँकरचे पैसे गल्ल्यातून जायचे. महिनाअखेरीला बघितलं की भाजीपेक्षा पाणीच महाग पडतंय.

मग आमच्यातल्या एकीची मुलगी हॉटेलच्या कामाचं शिक्षण घेत होती, ती दिवाळीच्या सुट्टीत आली. टपरीवर बसली, भांड्यांचा ढीग बघितला आणि म्हणाली, मावशी, तुम्ही पियादिना का नाही करत? आम्ही म्हटलं, हे काय नवीन? तिनं मोबाईलवर चित्र दाखवलं. एक गोल पोळी, मधोमध दुमडलेली, आत पाला आणि पांढरं काहीतरी. आमच्यातली सगळ्यात मोठी, तिला आम्ही आक्का म्हणतो, ती चित्र बघून म्हणाली, अगं, ही तर लेकराच्या हातात देतो तसली गुंडाळीपोळी. यात इटलीचं काय?

त्या मुलीनं मग नीट सांगितलं, आणि नंतर आम्हीही विचारत, ऐकत गेलो. ते तुम्हाला सांगतो, कारण आम्हाला त्यात आपल्यासारख्या बाया दिसल्या.

इटलीचा नकाशा बुटासारखा असतो. त्या बुटाच्या वरच्या बाजूला, मागच्या अंगाला, समुद्राला लागून एक मुलूख आहे, त्याचं नाव रोमान्या. रिमिनी, रावेना, फोर्ली, चेसेना ही तिथली गावं. तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या घरची ही रोजची भाकरी. भट्टीत भाजायचा पाव करायला वेळ आणि लाकूडफाटा लागतो, ही पोळी तव्यावर झटपट होते. गहू पुरत नसेल तेव्हा त्यात मक्याचं पीठ मिसळायचे. आपण गव्हात ज्वारी मिसळतो तसंच. तिची लेखी नोंद १३७१ सालापासून सापडते, एका गावानं धर्मपीठाला काय काय द्यायचं त्या यादीत दोन पियादा लिहिलेल्या आहेत. म्हणजे करातसुद्धा पोळ्या. जोव्हान्नी पास्कोली नावाचे त्यांचे मोठे कवी होऊन गेले, त्यांनी या पोळीवर कविता लिहिली आहे.

आता मजा बघा. ही पोळी ते पूर्वी मातीच्या तव्यावर भाजायचे. मोंतेतिफी नावाचं डोंगरातलं एक बारकं गाव आहे, तिथे हे मातीचे तवे बनायचे आणि थोडे अजूनही बनतात. आमच्यातली एक मूळची खानदेशातली. ती लगेच म्हणाली, म्हणजे खापर! तिच्या माहेरी खापरावर मांडे करतात, हातावर पसरलेली पुरणपोळी पालथ्या खापरावर टाकतात. कुठं जळगाव आणि कुठं ते मोंतेतिफी. पण माती आणि विस्तव सगळीकडं सारखाच.

तिकडच्या खेड्यात घर चालवणाऱ्या बाईला त्यांच्या बोलीत अझदोरा म्हणतात. किल्ल्या तिच्याकडे, पीठ-मीठ तिच्याकडे, कोणाला किती वाढायचं ते ती ठरवणार. आपल्याकडे कारभारीण म्हणतात तीच ही. दुसरं महायुद्ध संपलं, आणि मग त्या समुद्रकाठी सुट्टीला येणाऱ्या लोकांची गर्दी वाढायला लागली. तेव्हा या कारभारणींनी रस्त्याच्या कडेला, समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर लहान लहान टपऱ्या टाकल्या. एक तवा, एक पोळपाट, एक लाटणं. घरात जी पोळी फुकट लाटत होत्या, तीच बाहेर विकायला लागल्या. त्या टपऱ्यांना रंगीत उभे पट्टे मारलेले असतात, लांबून ओळखू येतात. आजही तिथे अशा टपऱ्या आहेत आणि आजही पुष्कळ ठिकाणी तव्यापुढे बाईच उभी असते.

आम्हाला यातली चवीची गोष्ट नंतर समजली. आधी डोक्यात गेलं ते हे, की त्या टपरीवर भांडी नाहीत. पोळी दुमडायची, कागदात धरायची, हातात द्यायची. माणूस उभ्या उभ्या खातो आणि जातो. पेला सोडला तर धुवायला काही नाही. आम्ही त्या दिवशी इटलीसाठी नाही, पाण्यासाठी हो म्हटलं.

आता कृती. ज्यांना लिहून घ्यायची त्यांनी पाटी-पेन्सिल घ्या.

एक किलो गव्हाचं पीठ, बारीक चाळणीनं चाळलेलं. तिकडे ते मैद्यासारखं पांढरं पीठ घेतात आणि त्यात डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचं तेल घालतात. आम्ही साधं तेल घालतो, सव्वाशे ग्रॅम. मीठ वीस ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चमचा, कोमट पाणी साधारण अर्धा लिटर. तेल आधी पिठाला चोळून घ्यायचं, करंजीला मोहन घालतो तसं, मग पाणी. चांगली तिंबून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायची. शंभर शंभर ग्रॅमचे उंडे केले तर एका किलोत सोळा होतात. आम्ही सुरुवातीचे दोन महिने काट्यावर तोलून घ्यायचो, आता हाताला कळतं, पण सोमवारी एकदा तोलून बघतोच. हात लबाड असतो, महिन्याभरात उंडा वाढत जातो.

लाटायची कशी? रिमिनीकडे पातळ लाटतात, तीन मिलिमीटरच्या आत, आणि मोठी, अगदी तीस सेंटीमीटरपर्यंत. फोर्ली-रावेनाकडे लहान आणि जाड, चार ते आठ मिलिमीटर. त्यावरून त्यांच्यात वाद असतात. आम्ही रिमिनीवाल्या झालो, कारण जाड पोळी आमच्याकडच्या लोकांना कच्ची वाटते. तवा बिडाचा, चांगला तापलेला, वर तेल सोडायचं नाही. पोळी टाकली की काटा-चमच्यानं टोचायची, म्हणजे ती फुलक्यासारखी टम्म फुगत नाही. फुगली तर दोन पापुद्रे सुटतात आणि सारण भरून दुमडताना फाटते. दोन्हीकडून बदामी ठिपके आले की काढायची.

आपल्या चपातीत आणि हिच्यात फरक काय तर मोहनाचा. आपण कणकेत तेल थोडं घालतो आणि तूप वरून लावतो. हिच्या आतच तेल मुरलेलं असतं, म्हणून ती गार झाली तरी मऊ राहते आणि दुमडली तरी चिरत नाही. हे कळायला आम्हाला आठवडा लागला. पहिल्या दिवशी आम्ही आपल्या चपात्याच दुमडून दिल्या होत्या, दुपारपर्यंत त्या पापडासारख्या झाल्या.

ज्वारीचं करून पाहिलं का, असं तुम्ही विचारणारच. करून पाहिलं. नुसती ज्वारी दुमडत नाही, मधोमध तुकडा पडतो. गव्हात जो चिवट चिकटपणा असतो तो ज्वारीत नाही. चार भागांत एक भाग ज्वारी घातली तर चालते, चवही खमंग येते. आणि धपाट्याचं म्हणाल तर गरम धपाटं दुमडतं, कारण त्यात बेसन आणि कणीक असते. थंडीत आम्ही दुमडलेलं धपाटंही ठेवतो, आत शेंगदाण्याची चटणी आणि दही. त्याला इटलीचं नाव द्यायची गरज पडत नाही, पाच मिनिटांत संपतं.

सारण. तिकडे आत डुकराच्या मांसाचे पातळ काप घालतात, एक मऊसर ताजं चीज असतं ते घालतात आणि एक कडसर पाला घालतात. पालेभाजी भरून कडा दाबून बंद केलेलाही प्रकार आहे, त्याला क्रेशोने म्हणतात, दिसायला मोठ्या करंजीसारखा. त्यात लाल भोपळा आणि बटाटाही भरतात. आमच्याकडचे सारण तीन. एक, मेथी किंवा तांदुळजा लसणावर परतून, त्यावर घरचं ताजं पनीर कुस्करून. दोन, कोरडा झुणका आणि कांदा. तीन, बटाटा, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात घोळ, पाथरी मिळाली तर पहिल्या सारणात ती जाते. पाणी सुटणारी भाजी मात्र घालायची नाही. टोमॅटो घातला होता एकदा, गिऱ्हाइकाच्या कोपरापर्यंत ओघळ गेले.

आता आमची चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगायचं ठरवूनच आलोय.

पहिल्या वर्षीचा मे महिना. ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसांत आम्ही पनीर बाहेरून सुटं विकत घ्यायचो, स्वस्त पडायचं. सकाळी आणायचं, टपरीवर डब्यात ठेवायचं, दुपारी चारपर्यंत वापरायचं. बर्फ नाही, फ्रीज नाही. एका दुपारी एकीला वास थोडा आंबूस वाटला. ती म्हणाली, टाकून देऊ. दुसरी म्हणाली, सव्वा किलो आहे, तीनशे-चारशे रुपयांचा माल आहे, लिंबाचा वास असेल. आम्ही टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातली दोन पोरं आली नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक आला. भांडायला नाही आला. म्हणाला, मावशी, आम्हा दोघांचं पोट रात्रभर बिघडलं होतं, दोन दिवसांची हजेरी बुडाली, तुम्ही बघा जरा. पाणीसुद्धा न पिता गेला.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. आम्ही चार दिवस टपरी बंद ठेवली. त्या दोघांची दोन दोन दिवसांची हजेरी आम्ही भरून दिली. आधी घेत नव्हते, आक्का त्यांच्या खोलीवर जाऊन देऊन आली. मग नियम केले. पनीर बाहेरून आणायचं नाही, सकाळी नऊला टपरीवरच दूध फाडायचं, दुपारी एकला उरलं असेल तर घरी न्यायचंही नाही, टाकायचं. अन्न पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतसुद्धा चाळीस अंश असतं, म्हणजे आमचा डबा म्हणजे जंतूंचा पाळणाच होता. आणि सगळ्यात मोठा नियम, एकीला जरी वास आला तरी माल टाकायचा, मत मोजायचं नाही. टाकलेला माल वहीत लिहायचा. मागच्या एप्रिल-मे महिन्यांत टाकलेल्या मालाची रक्कम बघून छातीत धस्स होतं, पण लिहितो. उन्हाळ्यात पनीरचं सारण आम्ही बंदच ठेवायला लागलोय, झुणका चालतो.

आता हिशेब. यात आम्ही जास्त वेळ घेणार आहोत, ताईंना सांगून ठेवलंय.

आम्ही सुरुवातीला पोळी वीस रुपयांना विकायचो. का वीस? कारण शेजारच्या गाड्यावर वडापाव पंधरा होता. दुसरं कारण नाही. रोज नव्वद पोळ्या जायच्या, गल्ला भरलेला दिसायचा, आम्ही खूश. सहा महिन्यांनी एकीच्या सुनेनं वही मागितली. तिनं एका पोळीचा हिशेब मांडला. पीठ अडीच रुपये, तेल सव्वा, सारण आठ, ठेचा-चटणी एक, गॅस दीड, कागद अर्धा. झाले पावणेपंधरा, पंधरा धरा. जागेचं भाडं, पाणी, किरकोळ मिळून महिन्याला साडेचार हजार. सव्वीस दिवस धंदा, म्हणजे दिवसाला पावणेदोनशेच्या आसपास, नव्वद पोळ्यांवर वाटले तर पोळीमागे दोन रुपये. एकूण सतरा. वीसमधून सतरा गेले, उरले तीन. नव्वद पोळ्यांचे दोनशे सत्तर. पाचजणींत चोपन्न रुपये. काम सहा तास.

ती म्हणाली, सासूबाई, तुम्हाला तासाला नऊ रुपये पडतात.

कोणी बोललं नाही. मग आक्का म्हणाली, घरी तर तेही पडत नव्हते. ती हसत म्हणाली, पण हसू आलं नाही कोणाला. खुरपायला गेलं तरी याहून जास्त मिळतं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आम्ही हिशेबात स्वतःला धरलंच नव्हतं. पीठ धरलं, तेल धरलं, कागदाचे आठ आणे धरले. लाटणारे हात धरले नाहीत.

मुंबईत प्रेमाताई पुरव होऊन गेल्या. गिरणगावात कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या, घराच्या एका खोलीत वीस वीस माणसांचा स्वयंपाक करायच्या, आणि सामानासाठी वाण्याचं नाहीतर सावकाराचं देणं कायम डोक्यावर. प्रेमाताईंनी १९७५ साली त्यांची संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ. राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना स्वतःच्या नावावर कर्ज मिळवून दिलं. बँकेला हे पटवणं सोपं नव्हतं, की स्वयंपाक हा धंदा आहे. आम्हाला वाटतं, बँकेच्या आधी बायकांना स्वतःलाच ते पटायला हवं होतं. आमचंच बघा ना, पन्नास वर्षांनी आम्ही त्याच जागी उभ्या.

मग आम्ही भाव तीस केला. पाटी बदलायला दोन दिवस कोणाचा हात धजेना. पहिले पंधरा दिवस गिऱ्हाईक तुटलं, साठ पोळ्यांवर आलो. एक रिक्षावाले काका रोज यायचे ते येईनासे झाले, अजून येत नाहीत. हळूहळू ऐंशीवर स्थिरावलो. ऐंशी पोळ्या, पोळीमागे तेरा रुपये, हजार चाळीस. पाचजणींत दोनशे आठ. श्रीमंत झालो नाही, पण चोपन्नच्या चौपट झालं.

आणि इथंच आमचं बिनसलं. चोपन्न रुपये वाटताना कधी भांडण झालं नव्हतं, दोनशे आठ वाटताना झालं. एक म्हणाली, मी सकाळी सातला येऊन दूध फाडते, भाजी निवडते. गल्ल्यावर बसणारी साडेदहाला येते, तिला तेवढेच का? गल्ल्यावर बसणारी म्हणाली, उधारी मागायला कोण जातं? पोरांची कटकट कोण ऐकतं? दोघींचंही खरं होतं. आम्ही तासांप्रमाणे वाटायचं ठरवलं, वहीत येण्या-जाण्याची वेळ लिहायची. गल्ल्यावरच्या बाईला ते लागलं. ती म्हणाली, मैत्रिणी आहोत का मजूर? आणि तिनं यायचं सोडलं. तिच्या भागभांडवलाचे चार हजार आम्ही दोन हप्त्यांत परत केले. आम्ही बरोबर केलं असं आमच्यातल्या तिघींना वाटतं, एकीला अजूनही वाटत नाही. ती आज इथे माझ्या शेजारीच बसली आहे आणि मान हलवते आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्न विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, टपरी-गाड्यासारख्या लहान धंद्याला साधी नोंदणी पुरते. आम्ही केली तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती, ऑनलाइन होते. सेंटरवाल्यानं पंधराशे मागितले तर देऊ नका, दुसरं सेंटर बघा. शहरात रस्त्यावर बसत असाल तर पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती असते, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायकांच्या आहेत. सर्व्हे होतो तेव्हा टपरीवर हजर राहा आणि नोंद बाईच्या नावावर करा. आमच्या ओळखीच्या एका गटात राबते बाई आणि सर्टिफिकेट दिराच्या नावावर आहे. २०२० च्या जूनपासून स्वनिधी योजना आली, तिच्यात पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. बिडाचा मोठा तवा आणि दोन शेगड्या आम्ही त्यातून घेतल्या.

नावाचंही सांगायचं राहिलं. पाटीवर काय लिहायचं यावर आमचा आठवडा गेला. पोरांना पियादिना हवं होतं, त्यांचे मित्र फोटो काढतात. तिकडे रोमान्यात या पोळीला २०१४ साली युरोपचा शिक्का मिळाला, आपल्याकडे पैठणीला, बीडच्या सीताफळाला, जालन्याच्या मोसंबीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसा. पण तो शिक्का कारखान्यात करून पाकिटात भरलेल्या पोळीलाही चालतो, यावरून तिकडे वादही झाला. टपरीवर हातानं लाटणाऱ्या म्हणाल्या असतील, आमची आणि पाकिटातली एकच का? आम्हाला ते ऐकून आमच्या गल्लीतल्या तयार चपातीच्या पाकिटांची आठवण झाली.

आम्ही पाटीवर 'भरली पोळी' लिहिलं. खाली बारीक अक्षरात 'पियादिना' आहे, पोरांच्या समाधानासाठी. परक्या गावचं खाणं इथं रुळायला वेळ लागतो, पण रुळतं. आपल्या शहराचा नान-खलिया घ्या. तुघलकानं दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर तो आला असं लोक सांगतात. आज तो आपलाच आहे, दिल्लीचा म्हणून कोण खातं?

आता घरचं. ज्या बाईनं गट सोडला, ती मागच्या महिन्यात एका दुपारी टपरीसमोर उभी राहिली. दीड वर्षानं. बरोबर तिचा नातू होता. तिनं झुणक्याची एक पोळी मागितली, नातवासाठी. आक्कानं लाटली, नेहमीपेक्षा उंडा मोठा घेतला, आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि कोणी बोललं नाही. नातवानं निम्मी खाल्ली, उरलेली तिनं खाल्ली. मग पिशवीतून तीस रुपये काढून पुढे केले. घ्यावेत का नाही, आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. तीच म्हणाली, घ्या, वहीत लिहा, नाहीतर हिशेब चुकेल.

आम्ही घेतले आणि लिहिले. जाताना तिनं विचारलं, दिवाळीत माणूस लागतो का. आम्ही म्हटलं, लागतो, तासाप्रमाणे. ती म्हणाली, बघते.

कोणा गटाला हिशेबाची वही बघायची असेल तर सकाळी अकराच्या आत या. नंतर तवा तापतो आणि आम्हाला बोलायला सवड राहत नाही.